आवाज घाट उतरतो का?



पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर गटाची मासिक बैठक होती. हजेरी झाली, बचत गोळा झाली, कर्जाचे हप्ते वहीत चढले. मग आम्ही जरा ऐटीतच विचारलं, "आपल्या नागलीच्या पापडावर आम्ही रेडिओवर बोललो होतो. कुणी कुणी ऐकलं?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी कोपऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "तुम्ही बोलला असाल बाई, पण आवाज काही घाट उतरून आला नाही."

हसलो आम्हीही. पण सावळघाट चढून परत येताना दोघींच्याही डोक्यात तेच होतं. कार्यक्रम ज्यांच्यासाठी, त्यांच्यापर्यंतच तो गेला नाही. शहरातल्या ओळखीच्या बायकांचे मात्र फोन आले, "आवाज किती स्वच्छ येत होता!" म्हणून आज याच गोष्टीवर बोलायचं ठरवलं. रेडिओचा आवाज आपल्या जिल्ह्यात कुठपर्यंत पोचत होता, कुठपर्यंत पोचतो, आणि तो स्वच्छ होत गेला तसतसं काय झालं.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. २३ जुलै १९२७ ला तिथे इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. त्याची ताकद दीड किलोवॅट. एवढ्या ताकदीत आवाज मुंबई आणि आसपासच्या मुलखापुरता. कसारा घाट चढून नाशिकला नीट ऐकू यावा, अशी ती व्यवस्थाच नव्हती. संचही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातले. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली, मग सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं. खेड्यातल्या बाईचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

संबंध आला तो पुण्यामुळे. १९५३ मध्ये पुण्याचं केंद्र सुरू झालं आणि १९५६ मध्ये तिथून एक प्रयोग झाला. त्यात आपला नाशिक जिल्हा होता. ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली, आणि कळल्यावर आमच्या गटांच्या बैठकांकडे आम्ही वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच मराठी जिल्हे निवडले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. एकूण १५० गावं. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं एक मंडळ. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी अर्धा तास खास त्यांच्यासाठी कार्यक्रम, म्हणजे सगळे मिळून वीस. विषय शेतीचे, आरोग्याचे, साक्षरतेचे, ग्रामपंचायतीचे. मंडळाने एकत्र बसून ऐकायचं. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि त्यावर बोलायचं. काय पटलं, काय नाही, आपल्या गावात काय करता येईल. शंका लिहून केंद्राकडे पाठवायच्या आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमातून यायची. ही पद्धत मूळची कॅनडातल्या शेतकऱ्यांची. "ऐका, चर्चा करा, कृती करा" असं तिचं सूत्र होतं.

प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. पॉल न्यूराथ नावाचे समाजशास्त्रज्ञ त्यासाठी आले होते, आणि त्यांनी व जगदीशचंद्र माथुर यांनी मिळून लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला. नुसता रेडिओ असलेली गावं, रेडिओ नसलेली गावं आणि मंडळ बसवलेली गावं अशी तुलना केली होती. नुसता रेडिओ असून माहितीत फारशी भर पडली नव्हती. जिथे माणसं एकत्र बसून ऐकत होती आणि नंतर बोलत होती, तिथे ती बरीच वाढली होती. याच निकालावरून नोव्हेंबर १९५९ पासून ही मंडळं देशभर सुरू करण्यात आली.

आता तुम्ही विचाराल, त्या मंडळांत बायका किती होत्या? १९५६ सालची संध्याकाळची वेळ. चूल पेटवायची, भाकऱ्या थापायच्या, गुरं बांधायची, लेकरं झोपवायची. गावाच्या चावडीवर किंवा शाळेत रेडिओभोवती कोण बसलं असेल, हे सांगायला अहवाल कशाला हवा?

एक गोष्ट मात्र त्या काळाच्या बाजूने सांगायलाच हवी. पुण्यात बोललेलं नाशिक जिल्ह्यातल्या गावात ऐकू येत होतं. मध्ये किती डोंगर, किती खोरी! तरी पोचायचं. कारण ते मध्यम लहरींवरचं प्रसारण होतं, ज्याला जुने लोक मीडियम वेव्ह म्हणतात.

हे जरा समजून घेऊ, फार अवघड नाही. रेडिओचा आवाज लाटेवर बसून येतो. पुणे केंद्र मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झवर आहे. त्या लाटेची लांबी जवळजवळ ३८० मीटर. गावाच्या वेशीपासून शाळेपर्यंत एक लाट, असं समजा. एवढी लांब लाट जमिनीला धरून चालते, टेकडीला वळसा घालते, दरीत उतरते. रात्री तर ती आकाशातल्या वरच्या थरावर आपटून परत खाली येते आणि शेकडो कोस लांबचं केंद्र लागतं. आपल्या घरातले म्हातारे सांगतात ना, रात्री कुठली कुठली भाषा ऐकू यायची, ते याच्यामुळे.

एफएमची लाट वेगळी. आकाशवाणी नाशिक १०१.४ मेगाहर्ट्झवर लागतं. तिची लाट जेमतेम तीन मीटरची. आपली सहावारी साडी साडेपाच मीटर असते, म्हणजे अर्ध्या साडीला जरा जास्त. ही लाट सरळ जाते, नजर जाते तशी. मध्ये डोंगर आला की मागे सावली पडते. टॉवर जितका उंच तितकी ती लांब दिसते, पण सह्याद्रीच्या पलीकडे उतरलेल्या पाड्याला टॉवर दिसणार कसा? नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. पेठ-सुरगाण्याचा बराच भाग घाटाखाली. उत्तरेला सातमाळा, बागलाणात साल्हेर १५६७ मीटर, इगतपुरीच्या हद्दीवर कळसूबाई १६४६ मीटर. जिल्हा असा उभा-आडवा डोंगरांनी भरलेला. एफएमसाठी याहून अवघड जमीन शोधून सापडायची नाही!

मग एफएम आणलंच कशाला? आवाजासाठी. मध्यम लहरींवर दोन केंद्रांमध्ये फक्त नऊ किलोहर्ट्झची जागा ठेवलेली असते. एवढ्या चिंचोळ्या गल्लीतून आवाज न्यायचा तर त्याचे कोपरे कापावे लागतात. बारीक, उंच स्वर गळतात, "स" आणि "श" सारखेच वाटतात, गाण्यातलं झांजेचं वाजणं बोथट होतं. शिवाय खरखर. वीज कडाडली की खरखर, शेजारच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की खरखर, आणि आता तर स्वस्तातले एलईडी दिवेसुद्धा खरखर करतात. एफएमची गल्ली रुंद, १५ किलोहर्ट्झपर्यंतचा स्वर त्यातून येतो. भारतात ते १९७७ मध्ये मद्रासला सुरू झालं. नंतर आकाशवाणीने जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक केंद्रं काढायला घेतली. पहिलं १९८४ मध्ये तमिळनाडूत नागरकोईलला, आणि पुढे आपल्या नाशिकचंही झालं. गंगापूर रोडवर बसमधून उतरताना आपण "आकाशवाणी टॉवर" म्हणतो, तेच ते.

स्थानिक केंद्राने फार मोठं काम केलं, यात वाद नाही. द्राक्षाच्या बागेवर कुठली फवारणी, कांद्याला काय भाव, गंगापूर धरणातून पाणी सुटणार का, हे आपल्या बोलीतल्या माणसाच्या तोंडून यायला लागलं. त्याआधी मुंबईचं "वनिता मंडळ" बायका आवडीने ऐकायच्या, पण त्यातलं बोलणं आणि पाककृती बऱ्याचदा शहरातल्या ओट्यावरच्या असायच्या. असं आम्हाला वाटतं, कुणाला पटणार नाही. तरीही घाटाखालच्या बायकांचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. पेठ-सुरगाण्याच्या कितीतरी बाया द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे कामाला येतात. त्या सांगतात, "कामाला आलो की मोबाईलवर एफएम खणखणीत लागतो. घरी गेलो की कुठं टेकडीवर लागतो, कुठं लागतच नाही." म्हणजे मजुरीच्या गावी आपल्या जिल्ह्याची बातमी आहे आणि स्वतःच्या घरी नाही.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही, असं त्यात ठरलं. निकाल देणाऱ्यांत आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्याच्या आधाराने पुढे सामुदायिक रेडिओचं धोरण आलं, आणि २००६ पासून विद्यापीठांखेरीज सामाजिक संस्थांनाही परवानगी मिळू लागली. २००८ मध्ये तेलंगणात पस्तापूरच्या महिला संघांनी माचनूर गावात संगम रेडिओ सुरू केला. त्याच सुमारास आपल्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झालं. बचत गटाच्या बायका माईकपुढे बसू शकतात, हे या दोन ठिकाणांनी दाखवलं. आज आम्ही बोलतोय तेही त्यांच्यामुळेच.

पण या धोरणात एक अट आहे. सामुदायिक केंद्राच्या प्रसारणाची ताकद साधारण १०० वॅटपर्यंत आणि अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत. १०० वॅट म्हणजे पूर्वी घरात पिवळा बल्ब असायचा, तेवढंच. पुण्याचं मध्यम लहरींचं प्रक्षेपक १०० किलोवॅटचं आहे, म्हणजे हजारपट. सामुदायिक रेडिओ सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर ऐकू येतो. शहरातल्या वस्तीला ते पुरतं. नाशिकमधून बोललो की पेठला ऐकू जाईल, हा आमचा भाबडेपणा होता.

याच अडचणीतून नाशिकच्या रेडिओ विश्वासने कोरोनाच्या काळात वाट काढली, ती सांगण्यासारखी आहे. रेडिओ विश्वास ९०.८ एफएम हे विश्वास ज्ञान प्रबोधिनी व संशोधन संस्थेचं सामुदायिक केंद्र. जून २०२० मध्ये शाळा बंद होत्या. जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलांकडे स्मार्टफोन कुठले? असला तर एका घरात एक, तोही बापाच्या खिशात. तेव्हा त्यांनी "शिक्षण सर्वांसाठी" हा उपक्रम सुरू केला. दीडशे शिक्षकांनी स्टुडिओत येऊन तिसरी ते दहावीचे धडे रेकॉर्ड केले, मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत असे. पन्नास-साठ हजार मुलांसाठी हे काम होतं. महाराष्ट्रातल्या आणखी सहा सामुदायिक केंद्रांनाही हे धडे देण्यात आले, म्हणजे एकाचा आवाज जिथे संपतो तिथे दुसऱ्याने तो उचलला. आणि इगतपुरी तालुक्यातल्या शिक्षकांनी ४५१ एफएम यंत्रं मुलांना देणगी दिली. त्या यंत्रांत यूएसबी होतं, ब्लूटूथ होतं, चांगला स्पीकर होता.

यूएसबीवर लक्ष द्या. लहर पोचली तर एफएम लावा. नाही पोचली तर तोच धडा पेनड्राइव्हवर टाकून त्याच डब्यातून ऐका. पुढे आठव्या राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांमध्ये या उपक्रमाला दुसरा क्रमांक मिळाला, आणि केंद्र टिकवून चालवल्याबद्दल त्यांना पहिला क्रमांक मिळाला.

आता डिजिटलचं बोलू. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने मध्यम लहरींची बरीच जुनी प्रक्षेपकं बंद केली, आणि देशातली पस्तीसच्या आसपास प्रक्षेपकं डीआरएम नावाच्या डिजिटल पद्धतीची केली. महाराष्ट्रात त्यात मुंबई आणि पुणे आहेत. डिजिटल म्हणजे आवाजाचे आकडे करून लहरीवर पाठवायचे आणि आपल्याकडच्या संचाने त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा. यात खरखर नाही. मध्यम लहरीची लांब पोच आणि जवळजवळ एफएमसारखा आवाज, दोन्ही एकत्र. एकाच प्रक्षेपकावरून दोन-तीन कार्यक्रमही जातात. कागदावर हे घाटाखालच्या बाईसाठी सगळ्यात चांगलं औषध आहे. आम्ही हे अगदी मनापासून म्हणतो.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, त्यासाठी खास संच लागतो. साधा रेडिओ चालत नाही, मोबाईलही नाही. असे संच आज लाखो नव्या मोटारगाड्यांमध्ये बसवून येतात. गाडीवाल्याला मिळालं. गाडीत मागे उभी राहून बागेवर जाणाऱ्या बाईला नाही. दुसरी, डिजिटलचा स्वभाव. जुना रेडिओ कंदिलासारखा, वात कमी झाली की मंद होतो, पण अक्षर दिसत राहतं. खरखरीतूनही आपण "वादळ", "उद्या", "पेठ" एवढे शब्द पकडतो. डिजिटल एलईडी दिव्यासारखं. आहे तोवर लख्ख, लहर कमी पडली की एकदम अंधार. मधलं काही नाही. आणि आकडे फार दाबून पाठवले तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो, हे वेगळंच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दूरसंचार नियामक मंडळाने, म्हणजे ट्रायने, खासगी डिजिटल रेडिओसाठी शिफारशी केल्या. सुरुवातीला तेरा मोठी शहरं धरली आहेत. त्यात मुंबई, पुणे, नागपूर आहेत. नाशिकही नाही, मग पेठचं काय बोलायचं!

"अ‍ॅपवर ऐका" असं आता सर्रास सांगतात. ऐकतोही आम्ही, आवाज सुरेख असतो. पण त्याला रेंज लागते, रिचार्ज लागतो, आणि फोन आपल्या हातात असावा लागतो. डीडी फ्री डिशच्या छत्रीवर आकाशवाणीची केंद्रं फुकट आणि स्वच्छ लागतात, हे बऱ्याच जणींना माहीत नाही. त्याला मात्र टीव्ही आणि वीज पाहिजे. पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसते, आणि नेमकी तेव्हाच बातमी हवी असते. फोन घेताना एक विचारत जा: यात एफएम आहे का? त्यासाठी रिचार्ज लागत नाही, फक्त कानातली वायर लावावी लागते, तीच अँटेना होते. २०२३ मध्ये केंद्र सरकारनेही फोन कंपन्यांना सांगितलं होतं की फोनमधलं एफएम बंद ठेवू नका.

आम्ही काय केलं ते सांगतो. नागलीच्या पापडाचा तो कार्यक्रम पेनड्राइव्हवर घेतला, एक यूएसबीचा डबा घेतला आणि पुढच्या बैठकीला पाड्यावर नेला. हप्ते लिहून झाल्यावर लावला. बावीस बायका, अंगणात, अर्धा तास. आवाज अगदी स्वच्छ होता. संपल्यावर आजी म्हणाल्या, "सगळं बरोबर, पण उकड काढताना पापडखार कधी टाकायचा ते चुकीचं सांगितलंस. तसं केलं तर पापड चिरतो." मग त्यावर अर्धा तास वाद झाला, दोन मतं पडली, आणि शेवटी दोन्ही पद्धतींनी करून बघायचं ठरलं. आम्हाला कार्यक्रम पुन्हा रेकॉर्ड करावा लागणार आहे.

त्याच बैठकीत एक वही सुरू केली. कुठल्या पाड्यावर, कुठल्या वेळी, कुठलं केंद्र लागतं. घरात लागतं की अंगणात जावं लागतं. शब्द कळतात की नुसता सूर. पाऊस असताना काय होतं. आतापर्यंत अकरा पाडे लिहून झाले आहेत. तुमच्याही गटाने अशी वही करावी, दोन महिने भरावी आणि प्रभागसंघाच्या बैठकीला आणावी. जिल्ह्याच्या सगळ्या वह्या जमल्या की आकाशवाणीकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे त्या घेऊन जायचं आम्ही ठरवलं आहे. वहीत बॉलपेननेच लिहा, पेन्सिलने लिहिलेलं दोन महिन्यांत पुसट होतं.